पोटदुखी

सासरी तिचं नावच पडलं होतं पोटदुखी. शिंप्याच्या कारखान्यात दिवसभर काजं-बटणं करून ती घरी यायची, दोन घास खाल्ले की उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि ती भिंत धरून बसायची. तेवढ्यात नणंदेने नवं घर घेतलं. झालं! नवऱ्याला आयतंच कोलीत मिळालं. "दुसऱ्याचं बरं झालं की दुखतं ते पोट," असं तो येईल त्याला सांगायचा, आणि येणारे मेले हसायचे.

शेवटी ती कारखान्यातच कोसळली, तेव्हा कुठे दवाखाना दिसला. पित्ताशय खड्यांनी भरलं होतं, काढावंच लागणार होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "झोपवू तर तुम्हाला, शिवाय पोटाच्या नसाही इंजेक्शनने बधिर करू. जखम झाली की शरीर घाबरतं, नाडी पळते, साखर चढते. तो गोंधळ आटोक्यात राहील. उद्या अंमल उतरला की मात्र औषध मागा, सोसत बसू नका."

ऑपरेशननंतर संध्याकाळी नवरा आणि नणंद आले, तर ही उशीला टेकून चक्क चहा पीत होती. काही म्हणता काही दुखत नव्हतं! तिला हसू आवरेना.

"पोटाला भोकं पाडली तरी बाई हसतेय," नवरा म्हणाला. "मग आधी काय दुखत होतं गं? नाटकंच ना?" त्याने उशाशी ठेवलेली, काढलेल्या खड्यांची बाटली खुळखुळवली. "एवढेसे? तांदळात याहून मोठे निघतात."

तिने इंजेक्शनचं सांगून पाहिलं. ऐकतो कोण! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या अंमल उतरू दे, मग दाखवतेच, असं तिने ठरवलं.

सकाळी कळ उठली. सिस्टर औषध घेऊन आली.

"थांबा," ती म्हणाली. "हे येईपर्यंत नको."

"अहो, नाडी बघा किती पळतेय!"

"पळू दे. एकदा त्यांना डोळ्यांनी बघू दे."

चादर मुठीत आवळून ती भेटीच्या वेळेपर्यंत तशीच पडून राहिली. नवरा आला तेव्हा ती कण्हत होती, उशी घामाने भिजली होती. तो दारातच थबकला.

"काल तर हसत होतीस," तो म्हणाला. "मी आलो की बरं सुरू होतं तुझं!"

तिने सिस्टरला हाक मारली.

"द्या हो ते औषध. माझं पोट एक दिवसच बधिर होतं. हे जन्माचेच आहेत."