बोंबलाला भुललेला चोर

सुनेने आज गॅसवर सुके बोंबील भाजले आणि त्या वासासरशी मी थेट चाळीस वर्षांपूर्वीच्या कतारला, मदिनत अश शमालला जाऊन पोहोचलो.

मी तिथे सुतार होतो. मालकाच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा होत होत्या आणि त्याचा संशय आम्हा कामगारांच्या खोलीवर. "तुम लोग खा गया!" आम्ही कोल्ह्याचं नाव घेतलं, तर म्हणाला, मग जिवंत धरून दाखवा, विष घालायचं नाही, माझ्या शेळ्या मोकळ्या फिरतात.

मी फळ्यांचा पिंजरा केला. आत मटण टांगलं, पण तीन दिवस कोल्हा फिरकला नाही. शेवटी आईने गुहागरहून बांधून दिलेले बोंबील स्टोव्हवर भाजून लावले. साताऱ्याचा शंकर ड्रायव्हर नाक दाबून ओरडला, "अरे, कोल्ह्याचं राहू दे, आम्हीच पळून जाऊ!"

पहाटे पिंजऱ्याचं दार खाड्कन पडलं. आत मोठ्या कानांचा, मांजराएवढा कोल्हा, तोंडात माझा बोंबील! आम्ही अख्खी वस्ती नाचून जागी केली. शंकरने त्याला गाडीतून लांब वाळवंटात सोडलं.

तेव्हा मला पिंजऱ्याचा अभिमान वाटला होता. आज आठवते ती पिंजऱ्यातला कोल्हा बघून मालकाची खाली गेलेली मान. संध्याकाळी तो स्वतः कोंबडी घेऊन दारात आला. "खाओ," एवढंच म्हणाला.

त्याची आम्ही खाल्लेली ती पहिलीच कोंबडी.