भेगेवरची काच

झाडणाऱ्याच्या सुपलीत धुळीपेक्षा किस्सेच जास्त जमतात. धूळ निदान टाकून तरी देता येते! मी शाळा पाहिली नाही. मी सांगतोय, नात लिहितेय.

*

कुंभकोणमबाहेर, इन्नंबूरच्या वाटेवर भातशेतात एक फार जुनी इमारत आहे. खाली देवळासारखे, कमळं कोरलेले दगडी खांब. वर कमानी नि घुमट. मी झाडतो, कादरभाई दिवा लावतो. आम्ही दोघंही त्यातच म्हातारे झालो.

बघायला येणारा हमखास विचारतो, "हे तुमचं की त्यांचं?"

कादरभाई माझ्याकडं बोट करून म्हणतो, "खालचं अण्णाचं, वरचं माझं. म्हणून छत गळलं की शिव्या मलाच!"

*

मागं सरकारी इंजिनियर साहेब इमारत तपासायला आले. खांब नि कमान जिथं मिळतात, तिथंच भेग. त्यांनी तिच्यावर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवली.

"आजोबा, भेग वाढली तर ही फुटेल. महिन्यानं येतो. फुटलेली दिसली की दाराला कुलूप. आत कोणीच नाही."

"आणि दिवा?" कादरभाईनं विचारलं.

"दिवाही नाही."

त्याच्या हातातलं तेल सांडलं. मी पुसलं.

*

उसाचा ट्रॅक्टर गेला की जमीन हादरायची. एकदा मी काठी टेकून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. "हळू, बाबा, हळू!"

ड्रायव्हर घाबरला. "आजोबा, आत कोण आजारी आहे?"

"आहे एक. माझ्याहून म्हातारं!"

तेव्हापासून तो तिथं हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

*

एके सकाळी एका बाईनं काचेला कुंकू फासलं. चांगलं ठसठशीत!

मी म्हटलं, "अम्मा, देवी नाही, काच आहे ती!"

"मग तुम्ही दोघं रोज हात जोडून तिच्यापुढं का उभे असता?"

दुपारी एका बीबीनं काचेवर मोगऱ्याचा गजरा अडकवला. काढायला जावं तर धक्का लागायचा. राहू दिलं. पण आता खालची काच धड आहे की फुटली, तेही दिसेना.

आणि साहेब यायच्या आदल्या दिवशी, दोघांनीही ऐकलं. टक्!

"पाल असेल," मी म्हटलं.

"पालच," कादरभाई म्हणाला. संध्याकाळी त्यानं दिव्यात तेल काठोकाठ ओतलं.

*

साहेब आले. गजरा बघून भडकले. "हा काय पोरखेळ?"

त्यांनी गजरा उतरवून कादरभाईच्या हातात दिला. रुमालानं कुंकू पुसू लागले. हळूहळू. कादरभाईनं माझं मनगट धरलं होतं. सोडलं तेव्हा वळ उठलेले.

काच शाबूत! या टोकापासून त्या टोकापर्यंत.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, दारापर्यंत गेले, तिथं थबकले. बूट काढून परत आले. रुमालावरचं कुंकू बोटानं टिपून काचेला लावलं. मग कादरभाईकडं वळून हळूच म्हणाले,

"गजरा कुठल्या बाजूनं होता, भाई?"