तळ्याकाठी थांबलेली तलवार

"मोजून शिवावं आणि शिवून मोजावं."

दाभणमावशी हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायची. वाचनालयातल्या भिंतींनाही ते पाठ झालं असावं. तिच्या हातात सदा पुस्तक शिवायचं लांब दाभण असे, म्हणून पोरांनी तिला हे नाव ठेवलं. तिनेही ते बिरुदासारखं मिरवलं. कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती मान वर करत नसे.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती पुस्तकं बांधायची. नवीन पुस्तक आलं की त्याचं नाजूक कागदी कव्हर उतरवायचं, आतले फर्मे सुटे करायचे, पक्क्या दोऱ्याने पुन्हा शिवायचे आणि वर जाड पुठ्ठा चढवायचा. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे वीस-बावीस फर्मे एकावर एक बसले की पुस्तक होतं. त्यातला एक सुटला तर घरातून माणूस उठून गेल्यासारखं होतं, असं ती सांगायची.

हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. अठरा वर्षं दोघांनी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून पुस्तकं शिवली. आणखी एक रीत सासऱ्यांचीच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ते चार कोरे कागद शिवत. वाचून झालं की ज्याला जे वाटेल ते त्याने पेन्सिलीने तिथे लिहावं. "लेखकाने एवढं बोलून घेतलं," ते म्हणत, "आता वाचणाऱ्यालाही चार शब्द बोलू द्या." कागद भरले की मावशी आणखी जोडून द्यायची.

मग अकरा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या हातून एका पुस्तकाचा एक फर्मा सुटला. डोळे अधू झाले होते, आणि ते कबूल करत नव्हते. एका वाचकाने पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीशी येऊन चारचौघांत आरडाओरड केली. त्या दिवशी मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "मामंजी, आता दाभण ठेवा. पान सुटलं की हात सुटला."

 म्हाताऱ्याने दाभण फडक्याने पुसलं, सुनेच्या तळहातावर ठेवलं आणि काठी टेकत घरी गेला. घर वाचनालयाच्या समोरच, रस्त्यापलीकडे, वरच्या मजल्यावर. तेव्हापासून तो गॅलरीतल्या खुर्चीत बसायचा. सून वेळेवर जेवण द्यायची, औषध द्यायची, नखं कापायची. तोही "सूनबाई, पाणी दे," "सूनबाई, ऊन आलं," इतकं बोलायचा. पण पुस्तक बांधण्याविषयी अकरा वर्षांत दोघांमध्ये एक अक्षर निघालं नाही. शेजारची दुसरी खुर्ची रिकामीच राहिली.

यंदा वाचनालयात एक जाडजूड कादंबरी आली. दगडात रुतलेली तलवार उपसून राजा झालेल्या पोराची ती जुनी दंतकथा, पण तरुण मुलांसाठी नव्याने सांगितलेली. यात तलवार उपसते ती लोहाराची मुलगी, आणि उपसून भावाच्या हातात देते. भाऊ राजा होतो, गोल टेबलाभोवती सरदार जमवतो, जादूगार डोकं खातो. शेवटी राजा जखमी होऊन पडतो आणि बहिणीला सांगतो, ही तलवार तळ्यात टाकून ये.

काम करताना पुस्तक वाचायचं नाही, हा मावशीचा नेम होता. आचाऱ्याने चाखत बसू नये, तसं. पण फर्मे सुटे करताना तिची नजर एका ओळीवर पडली, मग पुढच्या, आणि नेम बसल्या जागी मोडला. तीन दिवस सरस वाळायची वाट बघत ती वाचत राहिली. शेवटचा एकविसावा फर्मा खिडकीच्या उजेडात धरला, दोन ओळी वाचल्या आणि तेवढ्यात जावई दारात उभा. "आई, मुलगी झाली. चला."

मावशीने फर्मा समोरच्या खणात टाकला आणि तशीच निघाली. नातीची मालिश, लेकीचं पथ्य, यात नऊ दिवस गेले. परतली तेव्हा टेबलावर गठ्ठा साचला होता. त्यात कादंबरीचे जेवढे फर्मे होते तेवढे तिने शिवले. त्या एकाच वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, तिने मोजलं नाही. ना आधी, ना नंतर. नातीच्या कौतुकात होती.

आणि योग असा की विसाव्या फर्म्याचं शेवटचं वाक्य पूर्णविरामाशी संपत होतं. मुलगी तळ्याकाठी उभी राहते, तलवार उचलते आणि पाण्याकडे बघते. पान उलटलं की थेट मागचे कोरे कागद.

ते कागद महिन्याभरात भरले. असं कुठल्याच पुस्तकाचं झालं नव्हतं.

कुणी लिहिलं, "तलवार भावाला दिली हे मला पटलं नाही. मी माझ्या भावाला चमचासुद्धा देणार नाही." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "मी तुझा भाऊच आहे. घरी ये."

एकीने विचारलं, "गोल टेबलाला सगळे सारखे, मान्य. मग वाढायला कोण उठतं?"

पोस्टमनने लिहिलं, "मुलीसाठी नेलं होतं. तिला अजून मिळालेलं नाही. जादूगाराला कुणीतरी गप्प करा."

पण खरा गदारोळ शेवटावर होता. तलवार ती टाकेल की ठेवेल? नववीतल्या चष्मेवालीने पहिली काडी टाकली होती. "ठेवेल. जी तिनेच उपसली ती ती का टाकेल?" त्यावर तिच्याच वर्गातल्या उंच्याने लिहिलं, "टाकेल. शब्द दिलाय." मग बाणावर बाण, समासात उत्तरं, उत्तरांना उत्तरं. निवृत्त मास्तरांनी लाल पेन्सिलीने निकाल दिला, "लेखिकेने शेवट मुद्दाम उघडा ठेवला आहे. असं धाडस दुर्मिळ असतं." मावशीने तीनदा कागद जोडून दिले. जोडताना प्रत्येक ओळ वाचली आणि मनाशी म्हणाली, मामंजींची रीत कशी फळाला आली बघा. खणातली घडी तिला आठवलीही नाही.

वाचकांची हौस बघून ग्रंथपालाने शनिवारी वाचनालयातच बैठक ठरवली. सगळ्यांनी समोरासमोर काय ते भांडून घ्यावं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी चष्मेवाली मागच्या खोलीत आली. नेहमी तोफेसारखी बोलणारी पोर उंबऱ्याशी घुटमळत राहिली.

"मावशी, माझ्या मामेबहिणीनेही हे पुस्तक वाचलंय. तिच्या गावच्या वाचनालयातलं."

"मग?"

"तिच्या प्रतीत ती तलवार टाकते. तळ्यातून एक हात वर येतो आणि झेलतो. ती म्हणते, तीनशे छत्तीस पानं आहेत. आपल्यात तीनशे वीसच आहेत."

मावशीने सरसाचा ब्रश खाली ठेवला. सोळाचा फरक म्हणजे काय, हे तिला बोटांवर मोजावं लागलं नाही. तिने खण ओढला. मोजपट्टी, मेणाचा गोळा, जुनी कात्री आणि त्यांच्याखाली घडी. एकविसावा फर्मा. त्यावर मेणाचा गोल डाग पडला होता.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नको असं मी म्हणणार नाही. घरी जा."

पोर गेल्यावर ग्रंथपाल आत आला. सगळं ऐकून त्याने दार लोटून घेतलं. "मावशी, एवढंच ना. उद्या बैठकीआधी अर्धा दिवस आहे. शिवून टाका आत. पोरांना सांगू, नवी प्रत आली."

"आणि त्या पोरीला काय सांगू?"

"समजूतदार आहे ती."

"तेच तर. समजूतदार माणसाला खोटं सांगितलं की ते दुप्पट होतं." मावशीने दाभण उचलून उजेडात धरलं. "अकरा वर्षांपूर्वी मी काय बोलले होते, आठवतं?"

ग्रंथपालाने मान खाली घातली. तो तेव्हा नवा होता, पण ते वाक्य त्याच्याच खिडकीशी उच्चारलं गेलं होतं.

"एका फर्म्यासाठी त्यांचा हात काढून घेतला मी. आता माझ्या फर्म्याला वेगळा कायदा?"

"तुम्ही गेलात तर इथे शिवणार कोण?"

"ते मामंजींच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं," मावशी म्हणाली. "तेव्हा मी होते ना."

शनिवारी बाकं भरली. तीस-पस्तीस माणसं, निम्मी शाळेतली. मास्तर पहिल्या रांगेत, हातात टिपणं. ग्रंथपालाने सुरुवात करायच्या आधीच मावशी पुस्तक आणि सरंजाम घेऊन पुढच्या टेबलाशी आली. पदवी घ्यायला यावं तशी ताठ.

"आधी मला बोलायचंय," ती म्हणाली. "या पुस्तकाला शेवट आहे. तो माझ्या खणात होता."

तिने फर्मा वर धरला. काय झालं ते सांगितलं, नातीसकट. नात सांगितली ती सबब म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर सगळं सांगावं लागतं म्हणून. कुणी हसलं नाही. मास्तरांनी टिपणांची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"म्हणजे धाडस लेखिकेचं नव्हतं," उंच्या मागून म्हणाला, "मावशीचं होतं."

तेव्हा मात्र हशा पिकला. मास्तरही हसले, जरा उशिराने.

चष्मेवालीने उभं राहून ती सोळा पानं मोठ्याने वाचली. लोहाराची मुलगी दोनदा तळ्यापर्यंत जाते आणि दोनदा तलवार परत आणते. तिसऱ्यांदा पाण्यातून एक हात वर येतो, रिकामा, आणि वाट बघत राहतो. मग ती टाकते. हात झेलतो.

 वाचून झालं आणि सगळे एकदम बोलले.

"मी म्हणालो होतो, टाकेल."

"दोनदा परत आणली की. अर्धी मी जिंकले."

"हा शेवट आधी मिळाला असता तर 'छान आहे' एवढं लिहून मोकळे झालो असतो," पोस्टमन म्हणाला. "माझ्या घरात यावर तीन दिवस भांडण चाललं. बरंच झालं."

या गलक्यात मावशीने कात्रीने स्वतःचे टाके कापले. पाठ उकलली, फर्मे पसरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे मोजले. एकवीस. मग शिवायला घेतलं. हात एकदाही थबकला नाही. सोळा पानं आपल्या जागी बसली, त्यामागे वाचकांचे कागद जसेच्या तसे. शिवून झाल्यावर पुन्हा मोजलं. एकवीस. मग तिने पेन्सिल घेतली आणि मागच्या कागदावर आयुष्यातली पहिली ओळ लिहिली. "यातला शेवटचा फर्मा महिनाभर माझ्या हातून सुटला होता. या ओळीच्या वरचं सगळं त्याविना वाचलेल्यांनी लिहिलेलं आहे. खोडू नये."

दाभण तिने फडक्याने पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"पान सुटलं की हात सुटला, हे माझेच शब्द. घ्या ते ठेवून."

ग्रंथपाल काही पुढे आला नाही.  चष्मेवाली मात्र अजून उभीच होती.

"मावशी, तिने तलवार कधी टाकली?"

"आत्ताच वाचलंस की. तिसऱ्यांदा."

"तिसऱ्यांदा म्हणून नाही. हात वर आला म्हणून. तोपर्यंत ती परतच नेत होती." पोरीने टेबलाकडे बोट दाखवलं. "इथे कुठे हात वर आलाय?"

मावशीने सभागृहावरून नजर फिरवली. एकेका बाकावरून, सावकाश, फर्मे मोजावेत तशी. दोरा ओवता येईल असा एक हात तिथे नव्हता. मामंजींनी दाभण दिलं तेव्हा समोर तिचा तळहात होता. हे तिला आज कळलं. त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं.

"बरं तोंड आहे तुला," ती पोरीला म्हणाली. "सोमवारी शाळा सुटली की ये. आधी महिनाभर नुसतं मोजायचं."

"आणि शिवायचं?"

"मोजण्याचा कंटाळा येत नाही असं दिसलं की."

तिने दाभण उचललं, अंबाड्यात खोचलं आणि पुस्तक ग्रंथपालाच्या हातात दिलं. "याला नंबर लावा. रांग मोठी आहे."

मग ती निघाली. उरलेला सरंजाम तसाच टेबलावर राहिला, हेही पहिल्यांदाच. पायऱ्या उतरून रस्ता ओलांडू लागली. सांगायचं काय ते ठरलं होतं. आधी तिची चूक, मग त्यांची माफी, आणि मग विचारायचं की त्या पोरीला सुरुवातीला दुहेरी टाका दाखवावा की साधा.

खिडकीतून चष्मेवाली बघत होती, तिच्या खांद्यावरून ग्रंथपाल. पण त्यांच्या आधीपासून समोरच्या गॅलरीतून म्हातारा बघत होता. डोळे अधू होते. तरी अंबाड्यातलं दाभण उन्हात चमकलं, ते त्याला दिसलं असावं. सून जिन्याशी पोचली तेव्हा त्याने काठीच्या टोकाने शेजारची खुर्ची जरा सरळ केली.