श्वास मोजणारी वैशाली

कोणत्याही खोलीत शिरली की वैशाली आधी विजेचा बोर्ड पाहायची. लग्नाच्या मांडवातसुद्धा नवरीला भेटण्याआधी ती सैल प्लग दाबून यायची. मी विचारायची, "काऊन एवढी भेतं तू?" ती म्हणायची, "भेत नाई, पाहून राह्यली."

भेत होती, हे मला ठाऊक होतं. तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे बाबा तिथंच मास्तर. तिचा धाकटा भाऊ अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि दवाखान्यात, आई उशाशी बसलेली असताना, त्याचा श्वास थांबला. मशीनचा प्लग सैल होता, म्हणून कुणाला कळलंही नाही. पुढं मी नर्स झाले, ती हैदराबादला बायोमेडिकल इंजिनीअरिंगला गेली. तिथं तिचं मराठी कुणाला कळेना, इंग्रजी तिला येईना. पहिलं वर्ष एका तेलुगू मैत्रिणीच्या आधारानं निघालं. गावात लोक विचारत, "पोरगी डॉक्टर झाली काय?" बाबा सांगत, "डॉक्टरच्या मशिनी बनवते."

पीएच.डी.साठी तिनं नवजात बाळाच्या पोटावर बांधायचा मऊ पट्टा तयार केला. श्वास थांबला की तो वाजणार. चाचणीसाठी तिनं आदिलाबादच्या दवाखान्यातला माझाच नवजात बाळांचा वॉर्ड मागून घेतला. प्रत्येक बाळाला जुना मॉनिटर लावलेला असायचाच, जोडीला हा पट्टा. त्या दिवसांत ती धड जेवली नाही. डबा उघडायची, पुन्हा झाकायची.

एके दुपारी इचोड्याकडच्या एका बाईचं बाळ निळं पडू लागलं. जुना मॉनिटर वाजला. मी धावत जाऊन बाळाच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, तेव्हा त्यानं श्वास घेतला. पट्ट्याला जोडलेल्या पडद्यावर मात्र श्वासाची रेघ छान चालली होती. त्यानं काळजाचे ठोकेच श्वास म्हणून मोजले होते.

वैशालीनं सगळ्या बाळांचे पट्टे सोडले आणि ती त्या आईजवळ जाऊन बसली. "बाई, माही मशीन चुकली. तुमचं लेकरू या सिस्टरनं वाचवलं."

बाई बाळाला छातीशी धरून म्हणाली, "मंग हे दुसऱ्याच्या लेकराले लावू नका."

हैदराबादच्या मार्गदर्शक सरांनी फोनवर समजावलं, की प्रबंध होत आलाय, एवढा प्रसंग तळटीपेत लिही. बाबाही काळजीत पडले. "पोरी, शिष्यवृत्ती संपून राह्यली. मंग काय करशीन?"

"माईत नाई, बाबा," ती म्हणाली, आणि तिनं पट्टा पुन्हा पहिल्यापासून करायला घेतला. दिवसा एका खासगी कॉलेजात शिकवायची, संध्याकाळी प्रयोगशाळेत. मधूनच तिचा फोन यायचा. "सोडून देऊ काय, रेखा?" एवढंच विचारायची आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवायची.

नवा पट्टा घेऊन ती माझ्या वॉर्डात आली, तेव्हा तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. एका सकाळी पट्टा वाजला, जुन्या मॉनिटरच्या आधी. आम्ही सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं, वैशाली बाळाकडे धावली. तिनं तळव्याला टिचकी मारताच बाळ रडलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

प्रबंध मान्य झाला, बंगळुरूला नोकरी लागली. स्टेशनवर मी म्हटलं, "आता तरी बिनघोर झोपत जाय."

"आतापर्यंत पट्टा माह्या डोळ्यासमोर होता," ती डब्यात चढत म्हणाली. "आता तो मी नसलेल्या वॉर्डात जाणार. तो गप असला तरी लेकराच्या छातीकडं पाहत जाय. नव्या पोरींलेबी सांग."

गाडी हलली. मी मान डोलावेपर्यंत ती दारातून आत गेली नाही.