घोंगडीखालची ठिणगी

कार्तिकातल्या एका शुक्रवारी सकाळी गारगोटीहून कोल्हापूरला निघालेली आमची मोटार बिद्रीच्या अलीकडे रस्त्यात बंद पडली. त्याच दिवशी दुपारी कोल्हापुरात माझ्या आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढण्यात आला. या दोन घटनांच्या मध्ये जे घडले ते जसे पाहिले तसे लिहून ठेवत आहे. महायुद्ध नुकतेच संपले होते. कोल्हापूरच्या गादीवर अजून महाराज होते.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. एका अंमलदाराने अडगळीत टाकलेली जुनी मोटार मी आणि बाबालाल नावाच्या मिस्त्रीने मिळून घेतली होती आणि तिच्यातून गारगोटी ते कोल्हापूर उतारूंची ने-आण चालवली होती. त्या निमित्ताने मला भुदरगडकडच्या बातम्या मिळत आणि गारगोटीला थोरल्या भावाकडे राहणाऱ्या आईची भेटही होई. बाबालालचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार लावणारे. त्याने लहानपणी तलवारी घासल्या आणि मोठेपणी एंजिने उघडली. गाडी तोच चालवी. मी शेजारी बसे आणि गाडी थांबली की उतरून त्याच्या हाताखाली काम करी.

गाडी थांबे ती बहुधा ठिणगीपायी. जुन्या व्यवस्थेत पायाशी एक बॅटरी आणि समोर लाकडी पेटीत चार कॉइली होत्या. कॉइलीवरची पत्ती थरथरली की भुंग्यासारखा आवाज येई आणि सिलेंडरातल्या प्लगला ठिणगी मिळे. चढावर बॅटरी उतरली की भुंगे गप्प होत, आणि उतारू शिव्या देत खाली उतरून गाडी ढकलत. बॅटरी भरून आणायला रेल्वेने पुण्याला पाठवावी लागे. अखेर त्या वर्षी बाबालालने पुण्यातून लष्कराच्या मोडीत निघालेल्या एका लॉरीचा मॅग्नेटो आणला. मॅग्नेटो एंजिनाबरोबर फिरतो आणि आपली ठिणगी आपणच तयार करतो. त्याला बॅटरी लागत नाही. बाबालालने त्याच्यासाठी लोखंडी बैठक घडवली, ठिणगीची वेळ जुळवली, आणि नवरात्राच्या आधी गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. कॉइलींची पेटी आम्ही भावाच्या माळ्यावर टाकली.

खंडेनवमीला भावाच्या अंगणात गाडीची पूजा झाली. आईला तेव्हा दोन्ही डोळ्यांनी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. नवी वस्तू कुठली बसवली, असे तिने विचारले, तेव्हा बाबालालने तिचा हात धरून मॅग्नेटोवर ठेवला. लहान मुलाचे डोके चाचपावे तसा तिने तो सगळीकडून चाचपला आणि कुंकू लावले. दुसऱ्या दिवशी बाबालालने ते कुंकू कोरड्या फडक्याने पुसून काढले. ठिणगीच्या जागी ओल किंवा पूड राहू नये, ही खबरदारी तो नेहमी घेई.

दसऱ्यानंतर गाडी कुरकुरू लागली. ऊन असले की नीट चाले. दव पडलेल्या सकाळी मात्र धक्के खाई, एखाद-दुसरा सिलेंडर गप्प होई. आम्ही प्लग बदलले, तारा बदलल्या, मॅग्नेटोचे काळ्या कडक रबराचे झाकण काढून आतून पुसले. प्लगची तार सोडवून लोखंडाजवळ धरली की निळी ठिणगी पडताना दिसे; तीच तार प्लगला लावली की सिलेंडर गप्प. बाबालालच्या मते मॅग्नेटो लढाईतच मार खाऊन आला होता. जुने काढून नवे बसवण्यात आपण घाई केली, असे मलाही वाटू लागले होते.

कार्तिकात मुंबईचे एक डोळ्यांचे डॉक्टर कोल्हापुरात आले. आईचे नाव देऊन ठेवले होते, आणि पुढच्या आठवड्यात नेऊ म्हणून आम्ही निवांत होतो. गुरुवारी संध्याकाळी निरोप आला की डॉक्टरांना लवकर परतावे लागत आहे. शुक्रवारी दुपारपर्यंतच ते रोगी घेतील. पुन्हा कधी येतील ते सांगता येत नाही. बैलगाडीने ती वेळ गाठता आली नसती. आईने डोळ्यांसाठी कधी हट्ट धरला नव्हता. अंबाबाईचे मुख एकदा नीट दिसावे, एवढेच ती म्हणे. कित्येक वर्षे ती गाभाऱ्यासमोर उभी राहून समईच्या पिवळ्या डागाला हात जोडत होती.

शुक्रवारी निघालो तेव्हा आभाळ भरलेले होते. मुधाळ तिट्टा मागे पडला तशी बुरबुर सुरू झाली. गाडीने धक्के खाल्ले, एकदा मोठा आवाज केला आणि ती उभी राहिली. आम्ही जे जे येत होते ते सगळे केले. तार लोखंडाजवळ धरली की ठिणगी होती. प्लगला लावली की नव्हती. हँडल मारून मारून बाबालालच्या तळहातांना फोड आले. तो हँडलवरच टेकून म्हणाला, “आण्णा, जुनी पेटी संगट आणाय पायजे हुती.” पेटी गारगोटीच्या माळ्यावर होती आणि तिची बॅटरी कधीच मेली होती.

मी दर शुक्रवारी अंबाबाईच्या देवळात जातो. देवीपुढे उभा राहतो, पण मागत नाही. बातमीदाराला पुराव्याची सवय लागलेली असते. मागितले, तर मिळाले की नाही ते मी तपासत बसेन, अशी मला भीती वाटे. त्या दिवशी आई मागच्या बाकावर डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तिचे ओठ हलत होते. किती वाजले, गाडी कधी चालेल, हे तिने एकदाही विचारले नाही. विचारले असते तर मला बरे वाटले असते. मी पान्हा पायरीवर ठेवला, कोल्हापूरच्या दिशेला तोंड केले आणि मनात म्हणालो, माझ्याने होईल तेवढे झाले, आता हे काम तुझे. नवस बोललो नाही. मग पुन्हा एंजिनावर वाकलो, कारण वाकण्यावाचून दुसरे काही सुचत नव्हते.

मागून मेंढ्यांचा आवाज आला. पाठोपाठ माझ्या डोक्यावर काहीतरी जड, लोकरीच्या वासाचे येऊन पडले.

“भिजाय लागलाय की, पावणं. घ्या ह्ये डोस्क्यावर.”

एका धनगराने आपली घोंगडी माझ्यावर टाकली होती. ती माझ्यावरून उघड्या एंजिनावर पसरली आणि खाली मिट्ट काळोख झाला. मी ती बाजूला सारणार होतो. बाबालाल पुढे होता. मागे काय झाले ते त्याने पाहिले नव्हते. त्याने आणखी एकदा हँडल मारले.

त्या काळोखात मला मॅग्नेटोच्या झाकणाच्या मागच्या अंगाला एक निळा धागा सरपटत जाताना दिसला. तो तारेच्या पितळी टोकापाशी निघाला आणि लोखंडी बैठकीत शिरला. मी बाबालालला पुन्हा हँडल मारायला सांगितले. धागा त्याच वाटेने पुन्हा गेला. घोंगडी वर करून उजेडात पाहिले तर काळ्या झाकणावर काहीही नव्हते. मी त्या जागेवरून बोट फिरवले. बोटाचे टोक काळे झाले. त्याला एरंडेलाचा आणि कापराचा वास होता.

नातवंडांसाठी आई काजळ धरी ते एरंडेलाच्या दिव्यावर, कापूर घालून. काजळाची डबी सदा तिच्या कनवटीला असे. खंडेनवमीला कुंकू लावून झाल्यावर तिने नव्या मॅग्नेटोला नजर लागू नये म्हणून तीटही लावली होती, आणि ती बाळाच्या कानामागे लावतात तशी, मागच्या बाजूला. लाल कुंकू बाबालालला दिसले होते. काळ्यावरचे काळे कुणालाच दिसले नाही. काजळी म्हणजे कोळसाच, त्यातून वीज जाते. सिलेंडरातल्या दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला जोर लागतो. दिवस ओला असला की ठिणगी प्लगकडे न जाता काजळाच्या सोप्या वाटेने निघून जात होती. तार मोकळ्या हवेत धरली की तिला जोर लागत नसे, म्हणून तेव्हा ती दिसे.

बाबालालने माझे बोट पाहिले, मागच्या बाकाकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाला, “म्याच हात धरून दावलंतं की.”

मी धोतराचा सोगा पेट्रोलमध्ये भिजवून झाकण पुसले आणि घोंगडीच्या आतल्या कोरड्या बाजूने सुकवले. गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली.

एवढा वेळ तो धनगर काठीवर हात ठेवून भिजत उभा होता. मी घोंगडी परत दिली. तिला पेट्रोलचा वास लागला होता. त्याने ती हुंगली आणि नाक मुरडले. “एवढं लोखंड घिऊन हिंडतासा, आन एक घोंगडं न्हाय व्हय जवळ?” असे म्हणून त्याने म्हातारीला कुठे नेता ते विचारले. डोळे दाखवायला कोल्हापूरला, असे मी सांगितले.

“मग जावा की. हुभं का ऱ्हायलाय?”

तो मेंढ्यांत मिसळून शेतात उतरला. बातमीदाराने विचारायचा पहिला प्रश्न, नाव काय, तो मी विचारला नाही.

डॉक्टर आवराआवर करत होते. शेवटच्या रोग्यामागोमाग त्यांनी आईला आत घेतले.

पुढच्या फेरीला मी त्याच जागी थांबून चौकशी केली. शेताच्या मालकाने सांगितले की खतासाठी त्याच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या आणि त्याच शुक्रवारी कळप पुढे गेला. घोंगडी टाकणारा त्यातला कोण, ते त्याला सांगता आले नाही. तो नेमका तेव्हाच का आला, याचे उत्तर मी शोधलेले नाही. दसऱ्यापासून जो दोष आम्ही उजेडात शोधत होतो तो काळोखात दिसला, आणि तो काळोख मी आणलेला नव्हता. पान्हा खाली ठेवला त्यानंतर हे घडले. क्रम असा होता, एवढे मी सांगू शकतो. त्या दिवसापासून देवीपुढे हात जोडताना मला काही तपासावेसे वाटत नाही.

आईचा जाड भिंगांचा चष्मा पुण्याहून आला, तेव्हा मार्गशीर्षातल्या शुक्रवारी आम्ही तिला देवळात नेले. ती गाभाऱ्यासमोर उभी राहिली ती हलेना. मागच्या बायका पुढे सरका म्हणू लागल्या. तिने माझ्या दंडाला धरून विचारले, “नथ तीच हाय न्हवं?” मी हो म्हणालो. “मग झालं,” म्हणाली आणि बाजूला झाली.

बाहेर आल्यावर तिने बाबालालला गाडीचे झाकण उघडायला लावले. चष्मा सावरत वाकली आणि मॅग्नेटोच्या मागे पाहिले.

“तीट कुणी पुसली रं?”

मी तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. “गाडीला नजर लागली का? न्हाय न्हवं? येळंला पोचलो का न्हाय? मग तिटीला कशाला नावं ठेवतोस?”

“न्हाय ठेवत, आई,” बाबालाल म्हणाला. “पर हितनं फुडं जागा म्या दावनार.”

तेव्हापासून खंडेनवमीची तीट मागच्या चाकावरच्या पत्र्याला, आतल्या अंगाने लागते. मॅग्नेटो तोच आहे. जागा बाबालाल बोटाने दाखवतो. आईचा हात धरावा लागत नाही.