खाली घेतलेला माणूस

वर्तमानपत्राच्या कात्रणावर विसंबलो असतो, तर हौशीरामची हकीकत एका वाक्यात संपली असती : ‘ट्रस्टच्या रुग्णवाहिकेमुळे शेतकऱ्याचे प्राण वाचले.’ यातला शेतकरी खरा आहे आणि प्राण वाचले हेही खरे आहे. रुग्णवाहिका मात्र त्या दिवशी रिकामी परतली होती. त्या वेळी हजर असलेल्यांपैकी चौघांना मी वेगवेगळे भेटलो. बाकीच्या तपशिलांत त्यांचे एकमत नाही, पण एवढ्या गोष्टीवर आहे.

हौशीराम आंबेगावच्या पश्चिमेकडचा, भातखाचरांच्या गावातला. कळंबजवळच्या एका ट्रस्टने नव्वदच्या दशकाच्या मध्यात रुग्णवाहिका घेतली, तेव्हा तो तिच्यावर मदतनीस म्हणून लागला. ट्रस्टने त्याला पुण्याच्या एका रुग्णालयात शिकायला पाठवले होते. ज्याची छाती आवळून येते, दुखणे जबड्यात किंवा डाव्या हातात उतरते, गार घाम फुटतो, त्या माणसाला पाऊलभरही चालू द्यायचे नाही. ॲस्पिरिन चावून खायला लावायची. श्वास आणि नाडी थांबली तर कठीण जागेवर निजवून छाती दाबत राहायचे. हे त्याच्या हाडात मुरले. शिष्टाचार तेवढा मुरला नाही. तो नातेवाइकांवर खेकसायचा, तंबाखूची पिंक कुठेही टाकायचा. त्याच्याबद्दल गोड बोलणारा माणूस मला शोधावा लागला.

ट्रस्टचे अध्यक्ष बाळासाहेब. गाडीच्या दोन्ही अंगांवर त्यांचे नाव ‘रुग्णवाहिका’ या शब्दाहून मोठ्या अक्षरांत होते. लवकरच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आजारी माणसाला नेताना गाडी कोणी पाहत नाही. पुण्याहून प्रेत आणताना मात्र सारे गाव वाट पाहत उभे असते. मग गाडी प्रेतेच आणू लागली. अध्यक्ष पुढच्या सीटवरून हार घेऊन उतरत. स्ट्रेचरच्या सांध्यांत झेंडूच्या पाकळ्या कुजत, गादीला बुक्क्याचे डाग पडत, आणि हौशीराम फिनेलने ते घासत बसे.

“साहेब, मढी आणायला दुसरी गाडी बघा,” त्याने एकदा सुनावले. “जित्या माणसाला हिच्यात निजायची किळस येती.”

“हौशा, मेलेल्याची सेवा म्हंजी पुण्य असतं.”

“आन जित्याची?”

“जिता माणूस बरा झाला की डाक्टरचं नाव घेतो,” बाळासाहेब म्हणाले.

हे वाक्य मला हौशीरामने सांगितले. अतिशयोक्ती असेल म्हणून मी बाळासाहेबांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, “खोटं काय हाय त्यात?”

२००४ च्या उन्हाळ्यात एका दुपारी गाडी आळेफाट्याकडच्या एका गावी प्रेत पोचवून परतत होती. पिंपळवंडीच्या शिवारात जानकू नावाच्या पिकअपवाल्याने हात करून ती थांबवली. तो अमृतच्या मळ्यावर टोमॅटो भरायला आला होता. अमृत अंगणातल्या बाजेवर बसला होता. पंचेचाळिशीचा गडी, चेहरा राखेसारखा, सदरा घामाने चिकटलेला. घरच्यांनी त्याला ओवा चारला होता, वर सोडा पाजला होता.

“पित्त झालंय,” अमृत म्हणाला. “छातीवर पोतं ठिवल्यावानी वाटतंय, पर व्हईल कमी.”

“जबडा दुखतोय?”

“आता तुमी म्हनता तर दुखतोय.”

हौशीरामने त्याला गोळी चावायला लावली आणि गाडीचे मागचे दार उघडले. आत सकाळचा हार पडलेला होता. अमृतची बायको कुशाबाई दारासमोर आडवी उभी राहिली.

“जित्या माणसाला हिच्यात नाय घालायचं.”

“वहिनी, पित्त न्हाई हे. काळजाचं दुखनं हाय.”

“म्हनूनच नाय घालायचं.”

हौशीराम संतापून स्वतःच स्ट्रेचरवर आडवा झाला. “बघा. मेलो का मी?”

“तू रोजचाच त्यातला हायेस, राव,” अमृतचा भाऊ भागू म्हणाला. अंगणात हशा पिकला. अमृतही हसला आणि रस्त्याकडे चालत जायला उठू लागला. हौशीरामने खांदे दाबून त्याला खाली बसवले.

मग त्याने वाद सोडला. पाकळ्या झटकून ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीतून उपसला, जानकूला पिकअपमधली रिकामी क्रेट एका बाजूला सारायला लावली आणि अमृतसकट बाज उचलून वर ठेवली. कुशाबाई आणि भागू मागे चढले. पांढरी रुग्णवाहिका दार उघडे टाकून ड्रायव्हरसकट अंगणातच उभी राहिली.

नारायणगाव जवळ आले आणि अमृतचे डोळे फिरले. श्वास थांबला, नाडी लागेना. सुंभाच्या बाजेवर छाती दाबून उपयोग नव्हता. दाब झोळीतच विरला असता. हौशीरामने अमृतला काखेत धरून ओढले आणि पिकअपच्या लोखंडी तळावर निजवले.

आपल्याकडे माणूस जाणार हे ठरले की त्याला बाजेवरून जमिनीवर घेतात. भागूने ते पाहिले आणि गळा काढला. हौशीराम छाती दाबू लागला, तेव्हा भागूने त्याचे दोन्ही हात धरले.

“खाली घेतलंस ना? मग आता का त्याची हाडं मोडतोस?”

“मरायला न्हाई घेतला त्याला, सोड.”

भागू सोडेना. एवढ्याशा झटापटीत अमृतच्या आयुष्यातले क्षण गळत होते. कुशाबाई दोघांकडे बघत होती. तिने दिराची मनगटे धरली.

“सोडा त्येस्नी भाऊजी. घामानं निथळत्यात ते. मेलेल्यासाठी कुनी येवढा घाम गाळतं व्हय?”

भागूने हात सोडले. रुग्णालयाच्या दारापर्यंत हौशीरामचे हात थांबले नाहीत. तिथे डॉक्टरांनी विजेचा झटका दिला. पहिल्याने काही झाले नाही, दुसऱ्याने ठोके परत आले. अमृतच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. तो अजून टोमॅटो लावतो आणि पावसाळी हवेत बरगड्या दुखल्या की हौशीरामला शिव्या देतो.

महिनाभराने बाळासाहेबांनी सत्कार ठेवला. अमृतला रुग्णवाहिकेशेजारी उभे करून फोटो काढला. कात्रणात आहे तो हाच. हौशीराम त्यात नाही. शालीसाठी त्याचे नाव पुकारले, तेव्हा तो मागचे दार उघडून आत पाहत होता. गादीवर ताजा बुक्का होता. गाडी सकाळीच एक प्रेत पोचवून आली होती.

शाल न घेताच त्याने नोकरी सोडली. जाताना गाडीतला ऑक्सिजनचा सिलिंडर उचलून जानकूच्या पिकअपमध्ये ठेवला. पुढे कित्येक वर्षे त्या भागात छातीत दुखू लागले की लोक जानकूच्या पिकअपला बोलावत, आणि टोमॅटोच्या आंबूस वासात हौशीराम बाजेऐवजी लाकडी फळी टाकून बसलेला असे. पांढरी गाडी मेलेल्यांसाठी झिजत राहिली.

सिलिंडरचे काय झाले, हे मी ट्रस्टच्या कार्यालयात विचारले. तिथल्या कोणालाच तो गेल्याचे ठाऊक नव्हते. त्या गाडीतल्या एकाही प्रवाशाला तो पुढे कधी लागला नव्हता.