न मोडणारी खुर्ची

आमच्या घरातले पुरुष चिडले की माणसावर हात उचलत नाहीत, खुर्ची उचलतात. हरसूलकडच्या सागाच्या चार खुर्च्या पणजोबांनी बहुधा त्यासाठीच करून घेतल्या असाव्यात. एकीचा मागचा पाय बाभळीचा आहे. मूळचा आजोबांनी बांधाच्या भांडणात मोडला. दुसरीचा हात वडिलांनी ओट्यावर आपटून तोडला, मी ट्रॅक्टर विहिरीत घातला त्या दिवशी. तिसरीची पाठ कशापायी फुटली ते कुणाला आठवत नाही, आवाज मात्र सगळ्यांना आठवतो. ज्याने मोडली त्यानेच ती जोडायची, आणि ज्याच्यावर राग होता त्याने तुकडा दाबून धरायचा. सांध्यात भरलेला सरस वाळून लाकूड धरेपर्यंत दोघांनाही उठता येत नाही. मग कुणीतरी चहा मागतं आणि भांडण संपतं.

मला त्या ठिगळांची लाज वाटायची. मुलीच्या सासरचे येणार, निदान आणखी ठिगळ नको म्हणून मी चारही खुर्च्यांना आतून लोखंडी पट्ट्या मारून, बोल्ट आवळून घेतले. थोरल्या भावाला, दादाला, विचारलं नाही, कारण तो नको म्हणाला असता. माझी बहुतेक कामं अशीच होतात.

पुढे दसऱ्याच्या तोंडावर मी मोटर बंद करायला विसरलो आणि दादाचा तोडणीला आलेला झेंडू पाण्यात गेला. तो चिखलाच्या पायांनी घरात आला, खुर्ची उचलली आणि हाणली. फरशी फुटली. खुर्ची उसळून त्याच्याच गुडघ्यावर आदळली. त्याने पुन्हा हाणली. माठ गेला.

“काय झालंय हिला?”

“पट्ट्या मारल्यात,” मी म्हणालो. “आता तुला नाही मोडायची.”

हे मी अभिमानाने म्हणालो.

मग खुर्ची माझ्या खांद्यावर आली. आत काहीतरी निखळलं. दादाने परत उचलली. त्याचे डोळे बघून मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला घाबरलो. वहिनीने मागून खुर्चीचे पाय धरले. “अहो, मरंल ना तो.” पट्टीची कड लागून तिच्या मनगटातून रक्त येत होतं. ते दिसलं तेव्हा कुठे दादाचे हात खाली आले.

पंचवटीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा ओढून बसवला. मी बैलासारखा ओरडलो. कशाने लागलं, तर ‘खुर्ची’ एवढंच मी सांगितलं होतं.

“खुर्चीवरून पडलात?”

“नाही, उलटं झालं.”

डॉक्टर हसले. दादा भिंतीकडे बघत होता. तो पुन्हा बोलेल की नाही, याची मला खांद्यापेक्षा जास्त धास्ती होती. खुर्ची धडधाकट होती. दोघांनी बसायचं तरी कशापाशी?

परतताना रिक्षात अर्ध्या वाटेवर त्याने विचारलं.

“चारही खुर्च्यांना पट्ट्या मारल्यास?”

“हो.”

“पान्हा कितीचा लागतो?”

“दहाचा.”

“आहे माझ्याकडे. मी काढतो. तू हात लावू नको.”

“एका हाताने लावणार तरी कसा?”

“आणि तोंडही उघडू नको.”

घर येईपर्यंत मी खरोखर उघडलं नाही. दुखतही फार होतं.